बिनसाखरेचं घर

सासरी आल्यावर बाँग-योने पहिल्यांदा चूल पेटवली ती लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, आणि त्याच दिवशी चारचौघांत तिची शोभा झाली.

ती आली होती मिठागरांच्या किनाऱ्यावरून. तिकडे पिकत होतं ते मीठ, आणि तळ्यांत मासे. घरात चौथी मुलगी झाली तेव्हा बापाने तिचं नाव बाँग-यो ठेवलं, म्हणजे 'असू दे, वाढवू कशीबशी'. असल्या नावाच्या निदान दोन तरी बायका आमच्याकडे प्रत्येक गल्लीत सापडतील. त्या कशाबशाच वाढतात आणि पुढे सगळ्या घराचा गाडा ओढतात. तर या बाँग-योने आईच्या हाताखाली शिकलेलं माशाचं सार केलं: आलं, मीठ, वरून कांद्याची पात. सासूने एक घोट घेतला, चॉपस्टिक्स वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि भरल्या घरात विचारलं, "काय गं पोरी, तुमच्या गावापासून साखर कारखाना फारच लांब आहे वाटतं?"

पाहुणे खो खो हसले. नवरा ह्वे-थो हसला नाही, पण त्याने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. बाँग-योला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

हा टोमणा आमच्या ताइनान शहरात अजून चालतो. जेवण अगोड लागलं की कोणीही म्हणतं, कारखाना लांब आहे का. पण सासूच्या तोंडी तो नुसता टोमणा नव्हता. तिच्या सासऱ्याची सगळी जमीन उसाखाली होती. जपान्यांच्या राज्यात ऊस साखर कंपनीला घालायचा, कंपनीच्याच काट्यावर तोलायचा आणि कंपनी सांगेल ते मुकाट ऐकायचं. ज्याने ऊस लावला त्याच्याएवढा मूर्ख जगात दुसरा नाही, असं तेव्हा लोक म्हणायचे आणि पुन्हा ऊसच लावायचे. स्वतःच्या शेतातलं कांडं पोरांनी मोडून चघळलं तर रखवालदार थोबाडीत द्यायचा. पांढरी साखर पोत्यांत भरून बोटीवर चढायची. घरी साखर यायची ती लाल कागदाच्या पुडीत, बाळंतिणीसाठी नाहीतर देवासाठी. पुडी संपली की पोरं कागद चाटायची. असा काळ काढलेल्या बाईच्या हाती पुढे साखरेचा डबा आला, तेव्हा तिने तो कसा वापरला असेल ते सांगायला नको. मटणात साखर, माशात साखर, बांबूच्या कोंबात साखर. पाहुण्याला अगोड वाढणं म्हणजे तुमची आमच्याकडे किंमत नाही, असं तोंडावर सांगणं. सासू यात तसूभर सरकायला तयार नव्हती.

बाँग-यो हट्टी होती. वर्षभरात तिने सासूच्या हाताची चव उचलली, आणि पुढच्या चार वर्षांत सासूलाही मागे टाकलं. सोयाच्या रसात डुकराचं मांस ती असं शिजवायची की रस चमच्याला चिकटून राहायचा. टोमॅटोच्या फोडींबरोबर आलं, सोया आणि साखर यांची दाट चटणी, उन्हाळ्यात कोहळ्याचा काळाभोर गोड चहा. देवळाच्या जत्रेत गल्लीतल्या बायका आपापली भांडी आणून ठेवायच्या, आणि सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं बाँग-योचं. मिठागरावरची पोर ती, पण आता लोक विचारत, तुझं माहेर कारखान्याच्या आवारातच होतं काय?

माहेर नव्हतं, पण नवरा होता. ह्वे-थो कारखान्यात पाक उकळायच्या विभागात होता. उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घेऊन दाणा कसा धरतोय ते बघायचं, हे त्याचं काम. घरी आला की त्याच्या सदऱ्याला मळीचा वास यायचा. माणूस अबोल. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तो बायकोवर कधी ओरडला नाही आणि बायकोलाही त्याच्यावर ओरडायची सोय नव्हती, कारण समोरून उत्तरच यायचं नाही. मग बाँग-योने एक युक्ती काढली. राग आला की ती त्या दिवशी जेवणात साखर घालायची नाही. बाकी सगळं जागच्या जागी. भात गरम, सार गरम, वाडगे स्वच्छ पुसलेले. ह्वे-थो पहिला घास घ्यायचा, थोडं थांबायचा आणि विचारायचा, "आज काय चुकलं माझं?"

ती सांगायची. तो ऐकायचा. रात्रीच्या जेवणात साखर परत यायची. इतक्या स्वस्तात मिटणारी भांडणं गल्लीत दुसऱ्या कुठल्या घरात नव्हती.

पुढे सासू गेली, मुलगा मोठा होऊन कामाला लागला, सून आली. स्वस्तातली साखर परदेशातून यायला लागली तसा कारखाना बंद पडला. त्याच्या आवारात आता सहलीला आलेली माणसं आइस्क्रीम खातात. नाक्यावर बंद पेल्यांतून थंड गोड चहा विकणारी तीन दुकानं झाली, आणि त्यांच्या समोर मूत्रपिंडाच्या रोग्यांचं रक्त शुद्ध करून देणारं केंद्र. तिथे सकाळी रिक्षातून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांना बाँग-यो नावाने ओळखायची. जत्रेत तिचं भांडं आधी रिकामं करणारी हीच मंडळी. तिच्या मनात हा विचार एकदाच आला आणि तिने तो लगेच बाजूला सारला.

ह्वे-थोला साखरेचा आजार निघाला तेव्हा त्याला त्यात गंमत वाटली. "चाळीस वर्षं तिच्याजवळ बसलो," तो म्हणाला, "आता ती माझ्याकडे राहायला आली." गोळ्या सुरू झाल्या, मग इन्सुलिनच्या सुया. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली तेव्हा मात्र गंमत संपली. बोटं काढली. डॉक्टरीणबाई वयाने बाँग-योच्या सुनेएवढी होती. तिने बाँग-योला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, पुढच्या खेपेला बोटावर भागणार नाही. घोट्यापासून पाय काढावा लागेल. यांचं जेवण कोण करतं?"

"मीच."

"मग पाय तुमच्या हातात आहे."

बाँग-यो घरी आली. साखरेचे डबे, खडीसाखर, कोहळ्याच्या गोड वड्या, नातवासाठी ठेवलेल्या गोळ्या, सगळं तिने एका पिशवीत भरलं आणि नेऊन शेजारच्या आ-ल्वानच्या दारात ठेवलं. डबे घासून त्यांत सुकी मासळी भरली. अख्ख्या ताइनानमध्ये शोधूनही बिनसाखरेचं असं दुसरं घर सापडलं नसतं. त्या संध्याकाळी तिने आईचं ते आलं-मिठाचं सार केलं. इतक्या वर्षांनी केलं तरी हात चुकला नाही.

ह्वे-थोने पहिला घास घेतला. थोडं थांबला. "आज काय चुकलं माझं?"

"काही नाही. डॉक्टरने सांगितलंय."

"डॉक्टरने सांगितलंय ते कळलं. पण चुकलं काय?"

त्याला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण चाळीस-पन्नास वर्षं ज्या चवीचा अर्थ राग असाच होता, तिचा अर्थ एका दिवसात काळजी असा कसा होणार? जिभेला डॉक्टरचं बोलणं ऐकू येत नाही. तो रोज विचारायचा, ती रोज तेच सांगायची, आणि रोज तो अर्धा वाडगा बाजूला सारून उठायचा. शेवटी एकदा ती कडाडली, "अरे म्हाताऱ्या, तुझ्या पायासाठी मरतेय मी! मला काय हौस आहे?" त्याने मान हलवली आणि काठी घेऊन बाहेर पडला.

बाहेर पडला की तो जायचा कुठे, हे कळायला तिला फार दिवस लागले नाहीत. आ-ल्वानच्या ओट्यावर. तिथे त्याच्या हातात हिरव्या मुगाच्या गोड कढणाचा वाडगा असायचा. दोन घरं सोडून पुढे वाफवलेला गोड केक. देवळापाशी कोहळ्याचा चहा. माणूस दारात आला आणि त्याला काही गोड दिलं नाही, असं आमच्या गल्लीत घडत नाही. नको म्हणणारा माणूसही आमच्याकडे उद्धटच ठरतो. ह्वे-थो काही उद्धट नव्हता.

बाँग-यो कमरेला पदर खोचल्यासारखी आ-ल्वानच्या दारात जाऊन उभी राहिली. "तू माझ्या नवऱ्याचा पाय कापायला निघालीयेस."

आ-ल्वान मूग निवडत होती. ती विधवा, स्वभावाने मऊ, पण अन्नावरून बोललेलं तिलाही खपत नसे. "माझ्या दारातून म्हातारा माणूस कोरड्या तोंडाने परत पाठवू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणू दे."

"तुझं बरं आहे. तू त्याला उपाशी मारतेस आणि बोल मला लावतेस. हातापाया पडत नाही तो, पण डोळे बघ जरा त्याचे. पोटात काही नसलेल्या मांजरासारखे झालेत."

"आजपासून तुझ्या घरचा गोड थेंब त्याच्या पोटात गेला," बाँग-यो म्हणाली, "तर तुझी माझी ओळख संपली."

"संपली तर संपली."

अन्नावरून तुटलेली मैत्री आमच्याकडे सहसा सांधली जात नाही. त्या दोघी कचऱ्याच्या गाडीपाशी समोरासमोर आल्या तरी एक डावीकडे बघायची, एक उजवीकडे. पण आ-ल्वानने कढण देणं थांबवलं. बाँग-योने बाकीची घरंही अशीच एकेक करून तोडली. जत्रेत तिने भांडं नेलं नाही. लोक म्हणायला लागले, म्हातारपणी बाईच्या मनात कडवटपणा आला. ती ऐकायची आणि पुढे जायची. दर रात्री ती ह्वे-थोचा पाय मांडीवर घ्यायची, बोटांच्या बेचक्यांतून कापूस फिरवायची, तळवा दिव्याकडे करून बघायची. पाय गुलाबी होता. बाकी कोणाला काय वाटतं याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं.

गोडाची सगळी दारं बंद झाली तशी ह्वे-थोने सोंगं सुरू केली. चक्कर आली म्हणायचा. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणायचा. एकदा तर खुर्चीतून सावकाश, कुठे लागणार नाही अशा बेताने खाली घसरला आणि एक डोळा किलकिला करून म्हणाला, "खडीसाखर असती तर उठलो असतो बहुतेक." तिने त्याला काखेत धरून उठवलं आणि पाणी दिलं. तिलाही हसू आलं होतं, पण तिने ते दाखवलं नाही.

ती दुपार उन्हाळ्यातली होती. जेवणाआधीची सुई तिने रोजच्यासारखी टोचली. सार वाढलं. ह्वे-थोने दोन घास घेतले, वाडगा सारला आणि पंख्याखाली जाऊन बसला. ती भांडी घासून आली, दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला बसली. त्याने हाक मारली, "म्हातारे, गोड दे."

"नाही."

"गोड दे काहीतरी."

"सोंगं पुरे."

तो घामाने भिजला होता. उन्हाळ्यात कोण भिजत नाही? तो बडबडायला लागला, आणि तेही भांडल्यासारखं. जन्मात न भांडलेला माणूस. तू माझ्या आईच्या टोमण्याचा सूड घेतेस म्हणाला. शब्द जड येत होते, जीभ अडखळत होती. बाँग-योला राग आला. इतकं केलं त्याचं हे फळ, असं वाटलं. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि त्याच्याच सदऱ्यांच्या घड्या घालत राहिली. तो आणखी एकदा म्हणाला, "गोड." या वेळी नुसताच शब्द, मागण्याचा सूरही नव्हता. तिने ऐकलं आणि पाठ तशीच ठेवली.

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं तर त्याचे दोन्ही डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यात तो नव्हता.

ती स्वयंपाकघरात धावली. एकेक डबा उघडला. सुकी मासळी, मीठ, सुके मश्रूम, मीठ. ज्या गावात माशालाही साखर लावतात त्या गावात तिच्या घरात मुंगीला पुरेल एवढा दाणा नव्हता. ती तशीच अनवाणी आ-ल्वानच्या दारात गेली. तोंडून 'साखर' एवढाच शब्द फुटला. आ-ल्वानने तिचं तोंड पाहिलं. साखरेचा डबाच उचलून ती पुढे पळाली. जमिनीवर बसून तिने ओल्या बोटाने साखर घेतली आणि ह्वे-थोच्या गालाच्या आत चोळली, पुन्हा घेतली, पुन्हा चोळली, लहान बाळाला चाटण चाटवावं तशी. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा घसा हलला.

रुग्णवाहिका आली तोवर तो बोलायला लागला होता. म्हणाला, "कोणाकडची साखर ही? चांगली आहे."

आ-ल्वान रडत हसली. बाँग-यो भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टरीणबाईने नंतर समजावलं की सुई टोचल्यावर जेवण झालंच पाहिजे, नाहीतर रक्तातली साखर पार उतरते. अशा वेळी साखर हेच औषध. खिशात दोन गोड गोळ्या कायम ठेवायच्या. बाँग-यो हो हो म्हणाली. त्याने तीन वेळा मागितलं होतं आणि आपण पाठ फिरवली होती, हे तिने डॉक्टरला सांगितलं नाही. आ-ल्वानलाही नाही. ह्वे-थोला त्यातलं काही आठवत नव्हतं, त्यामुळे त्याला सांगायचाही प्रश्न आला नाही. दोघी शेजारणी मात्र पुन्हा बोलायला लागल्या. ह्वे-थोच्या खिशात गोळ्या आल्या. जेवण तसंच राहिलं, अगोड. फक्त तो आता निमूट जेवायला लागला. विचारायचंही सोडलं त्याने.

त्या हिवाळ्यात एका सकाळी तो टीव्हीसमोर बसल्या बसल्या गेला. हृदय बंद पडलं. तोही त्याच आजाराचा प्रताप, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. हा आजार कुठल्या वाटेने येईल ते आधी सांगता येत नाही. प्रेताला कपडे घालताना बाँग-योने डाव्या पायात मोजा चढवला, मग बूट. दोन बोटं सोडली तर पाय शाबूत होता, टाचेला भेगसुद्धा नाही. तिला क्षणभर अभिमान वाटला आणि मग त्याची इतकी लाज वाटली की ती तिथून उठून गेली.

आमच्याकडे माणूस गेला की सात आठवडे सकाळ-संध्याकाळ त्याचं ताट वाढायचं. फोटो, नावाची पाटी, त्यापुढे भात, कालवण, उदबत्ती. उदबत्ती निम्मी जळली की दोन नाणी ओंजळीत घ्यायची, विचारायचं, "जेवण झालं का?" आणि ती जमिनीवर टाकायची. एक नाणं उताणं, एक पालथं पडलं तर हो. दोन्ही सारखी पडली तर अजून जेवतोय, थोडं थांबायचं. ताट मांडायचं काम सून शू-चिंगचं होतं, पण रांधायला बाँग-यो कोणाला देत नव्हती. आलं, मीठ, कांद्याची पात.

शू-चिंगने पहिल्या दिवशी नाणी टाकली: एक उताणं, एक पालथं. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. "बाबांना घाई दिसतेय," ती म्हणाली.

आ-ल्वानला नवल वाटलं. "माझ्या नवऱ्याने मला घटकाघटका थांबवून ठेवलं होतं. तुझा बरा उठतोय पटकन."

बाँग-यो ताट उचलून आत गेली. दोन घासांत कोण उठतं ते तिला ठाऊक होतं.

चौथा आठवडा लागला तेव्हा शू-चिंगने धीर करून म्हटलं, "आई, आता तरी साखर घाला ना. मेलेल्या माणसाला कसला आलाय मधुमेह?"

"तू बघून आलीस?"

"तसं नाही, पण…"

"तिकडेही चालावंच लागतं. पाय लागतो. एवढा राखलाय मी तो." आणि तिने मिठाची चिमूट सोडली.

शू-चिंगने भात वाढला. ताट मांडलं, उदबत्ती लावली. या वेळी बाँग-योने नाणी स्वतःच्या हातात घेतली. विचारलं, टाकली. एक उताणं, एक पालथं. उदबत्तीची अजून राखही पडली नव्हती.

ती तिथेच फोटोपुढे खाली बसली. "त्या दुपारी तुझं सोंग नव्हतं," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "तू मागत होतास. मी ऐकलं. तिन्ही वेळा ऐकलं. रागावले होते म्हणून वळले नाही. पाय राखला आणि तुलाच घालवत होते. चुकलं माझं."

शू-चिंग दारात उभी राहिली होती. कोणती दुपार, ते तिला विचारावंसं वाटलं, पण तिने विचारलं नाही.

"दुकानातून साखर आण," बाँग-यो म्हणाली. "आणि मांस आण, चरबीचं."

संध्याकाळी तिने सोयाच्या रसात मांस चढवलं. साखर घातली, रस बोटावर घेऊन चाखला. इतक्या दिवसांत तिची स्वतःची जीभ बदलली होती. तिला ते गोड सोसवेना, तोंड वाकडं झालं. तिने आणखी दोन चमचे घातले आणि रस चमच्याला चिकटेपर्यंत आटवला. ताट नेलं. उदबत्ती लावली, निम्मी जळू दिली, आणि नाणी टाकली.

दोन्ही पालथी.

ती थांबली. पुन्हा टाकली. दोन्ही उताणी. बऱ्याच वेळाने पुन्हा. दोन्ही पालथी. उदबत्ती विझली, शू-चिंगने दुसरी लावली. बाहेर अंधार पडला, घरातल्यांची जेवायची वेळ टळून गेली.

"आई, मी टाकून बघू का एकदा?"

"राहू दे गं," बाँग-यो म्हणाली. तिने स्टूल ओढलं आणि ताटासमोर बसली. "जेवतोय तो."